आघातानंतरची भयस्वप्ने: ती आटोक्यात कशी आणावीत आणि आलेला आराम कसा टिकवावा

भीषण अपघात, मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा डोळ्यांदेखत झालेला मृत्यू यांनंतर तेच ते स्वप्न वारंवार पडू लागले, की आपल्याकडे उशाशी लोखंड ठेवले जाते, दृष्ट काढली जाते आणि ‘झाले गेले विसरून जा’ असे सांगितले जाते. हे सारे मायेपोटीच होते, परंतु विसरण्याची धडपड जितकी जास्त, तितके स्वप्न चिवट होते, हे मी स्वतः अनुभवले आहे. कसारा घाटात आमच्या टॅक्सीला अपघात झाला आणि त्यानंतर जवळजवळ दोन वर्षे आठवड्यातून चार-पाच रात्री मी पहाटे तीनच्या सुमारास घामाने भिजून उठत असे. पुन्हा झोपायची भीती वाटत असल्याने नाशिकमधल्या आमच्या घराच्या गॅलरीत मी उजाडेपर्यंत बसून राहत असे.

आघातानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत अशी स्वप्ने पडणे स्वाभाविक असते आणि पुष्कळांची ती आपोआप विरळ होतात. महिना उलटूनही ती थांबत नसतील, दिवसासुद्धा तो प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहत असेल, किंवा त्या रस्त्याने जाणेच टाळले जात असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला भेटावे. जिल्हा शासकीय रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवता येते आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र कधीही, मराठीतूनही, बोलता येते. जीव नकोसा वाटत असेल, तर पुढची कोणतीही रीत स्वतःहून करून पाहण्याआधी हा फोन करावा.

पहिल्याच भेटीत चालू असलेल्या सर्व औषधांची नावे सांगावीत. रक्तदाबासाठी किंवा छातीतल्या धडधडीसाठी दिले जाणारे प्रोप्रॅनोलॉल आणि नैराश्यावरची काही औषधे यांमुळेही स्वप्ने भेसूर होऊ शकतात. मात्र ही औषधे परस्पर बंद करू नयेत. दारूचाही उल्लेख संकोच न करता करावा, कारण दारूने झोप लवकर लागत असली, तरी पूर्वरात्री दबलेली स्वप्नावस्था उत्तररात्री जोर धरते. मोठ्याने घोरणे आणि मध्येच श्वास अडखळणे यांचाही भयस्वप्नांशी संबंध असतो, आणि ही गोष्ट सहसा शेजारी झोपणाऱ्यालाच ठाऊक असल्याने त्याला सोबत न्यावे.

मला ज्या पद्धतीचा उपयोग झाला, तिला ‘इमेजरी रिहर्सल थेरपी’ म्हणतात. अमेरिकेतील डॉ. बॅरी क्राकाव यांनी ती अनेक रुग्णांवर अभ्यासली. तिचे मर्म साधे आहे: जागेपणी स्वप्नाची कथा बदलून लिहायची आणि बदललेली कथा रोज मनात पाहायची. सुरुवात सर्वांत भयंकर स्वप्नापासून करू नये. सौम्य स्वप्न निवडावे आणि सराव रात्री अंथरुणावर न करता दिवसा करावा. माझ्या मूळ स्वप्नात डिझेलचा वास येई, पुढच्या सीटवरच्या बाईंच्या टोपलीतले पेरू गडगडत पायाशी येत आणि चालक ब्रेकवर पाय दाबत असूनही गाडी थांबत नसे. समुपदेशक बाईंनी विचारले, ‘यात तुम्हाला काय बदलावेसे वाटते?’ पुष्कळ वेळ मला काहीच सुचले नाही. शेवटी मी लिहिले की गाडी घाटनदेवीच्या मंदिरापाशी सावकाश थांबते, आम्ही सगळे खाली उतरतो, दर्शन घेतो आणि त्या बाई पेरू चिरून, तिखटमीठ लावून सर्वांना वाटतात. बदल अगदी स्वतःचा असावा, दुसऱ्याने सुचवलेला नसावा, एवढे मात्र मी आग्रहाने सांगेन. त्यानंतर रोज दहा ते वीस मिनिटे डोळे मिटून ती नवी कथा वासासकट, चवीसकट पाहायची. जुने स्वप्न उगाळायचे नाही. एका वेळी एकाच स्वप्नावर काम करावे. सराव करताना जीव घाबराघुबरा झाला किंवा आपण कुठे आहोत याचेच भान सुटू लागले, तर तिथेच थांबून पाय जमिनीवर टेकवावेत, समोरच्या पाच वस्तूंची नावे मोठ्याने घ्यावीत आणि पुढचा सराव तज्ज्ञासमोरच करावा.

रात्री दचकून जाग आली आणि बराच वेळ झोप लागली नाही, तर अंथरुणात तळमळत न राहता उठून मंद उजेडात बसावे, पेंग आल्यावरच परत जावे. सकाळी उठण्याची वेळ मात्र बदलू नये.

हा आराम टिकतो का? क्राकाव यांचा लैंगिक अत्याचार सोसलेल्या १६८ स्त्रियांवरचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात केवळ तीन सत्रांनंतर भयस्वप्ने कमी झाली आणि सहा महिन्यांनीही ती सुधारणा टिकून होती. पुढे अनेक अभ्यास एकत्र तपासले असता सहा ते बारा महिन्यांपर्यंत गुण टिकल्याचे आढळले. औषधांविषयी इतके निश्चित बोलता येत नाही. प्राझोसिन हे मुळात रक्तदाबाचे औषध या स्वप्नांवर दिले जाते आणि काहींना गुणही येतो, परंतु ३०४ माजी सैनिकांवरच्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ते बिनऔषधाच्या गोळीहून सरस ठरले नाही. शिवाय ते थांबवल्यावर स्वप्ने परतू शकतात. सरावाने अंगी आलेले कसब मात्र आपल्यापाशीच राहते, म्हणून माझा कल त्याकडे आहे.

तरीही एखादे स्वप्न कधीतरी परत येते. अपघाताची तारीख, तसाच आवाज, एखादी बातमी एवढे निमित्त पुरते. २००३ च्या सिंहस्थातली चेंगराचेंगरी ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना पुढच्या पर्वणीची गर्दी जवळ येताच भयस्वप्नांच्या त्या रात्री आठवू लागल्या, तर त्यात नवल नाही. त्यांनी सराव आधीच पुन्हा सुरू करावा आणि घरच्यांना तसे सांगून ठेवावे. वहीत रोज फक्त दोन गोष्टी लिहाव्यात: स्वप्न पडले की नाही, आणि भीती दहापैकी किती होती. एका वाईट रात्रीने सारे वाया गेल्यासारखे वाटते, तेव्हा मागची पाने दाखवतात की अशी रात्र दोन महिन्यांनी आली आहे.

मागच्या पावसाळ्यात घाटात दरड कोसळल्याची बातमी पाहिली आणि ते स्वप्न सलग तीन रात्री पडले. चौथ्या दिवशी दुपारी मी जुनी वही काढली, घाटनदेवीचे ते पान वाचले आणि डोळे मिटून पंधरा मिनिटे बसले. नवव्या रात्रीच्या नोंदीत ‘पडले, भीती तीन’ असे आहे, आणि त्यानंतरच्या नोंदींत ‘नाही’.