नोंदी टाकल्या त्याच क्रमाने बाहेर काढायच्या तर

फोंड्याच्या एखाद्या चित्रशाळेत चवथीच्या मूर्तींची आगाऊ नोंदणी डेटाबेसात ठेवली आहे असे धरू. आधी आला त्याची मूर्ती आधी रंगवायची, म्हणून यादी नोंदणीच्या क्रमाने हवी. नुसती 'सिलेक्ट' (नोंदी वाचून काढायची आज्ञा) चालवली तरी सुरुवातीला यादी बरोबरच येते आणि तिथेच माणूस फसतो. पुढे कुणी दीड फुटाची मूर्ती दोन फुटांची करून मागतो, नोंद बदलते आणि पोस्टग्रेस या डेटाबेसात तेच नाव यादीच्या तळाशी जाऊन बसते. पोस्टग्रेस जुनी ओळ जागच्या जागी बदलत नाही, जागा मिळेल तिथे नवी प्रत लिहितो. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसाच्या इनोडीबी या साठवण-यंत्रणेत ओळी प्रायमरी कीप्रमाणे (प्रत्येक ओळीची स्वतंत्र ओळख) असतात, पण क्वेरीने दुसरा इंडेक्स (शोधायची सूची) वापरला की क्रम त्याचा. 'ऑर्डर बाय' (क्रम कशाने लावायचा ते सांगणारा भाग) नसेल तर क्रमाची हमी कुठलाही एसक्यूएल डेटाबेस देत नाही.

तेव्हा टेबल बनवतानाच आपोआप वाढणारा 'आयडी' ठेवा: मायएसक्यूएलमध्ये 'ऑटो इन्क्रिमेंट', पोस्टग्रेसमध्ये 'जनरेटेड ऑलवेज ॲज आयडेंटिटी', प्रकार 'बिगइंट' (मोठा पूर्णांक). मग 'ऑर्डर बाय आयडी'. एसक्यूलाइटमध्ये नुसत्या 'इंटिजर प्रायमरी की'वर भागवू नका. शेवटची ओळ पुसली की तिचा नंबर पुढच्याला मिळतो. 'ऑटोइन्क्रिमेंट' जोडा.

रद्द झालेल्या ट्रान्झॅक्शनचे (एकत्रच पक्क्या किंवा रद्द होणाऱ्या बदलांच्या गटाचे) नंबर वाया जातात, मधे खाडे पडतात. क्रमाला त्याने काही होत नाही. पावतीवर मात्र हा नंबर छापू नये.

नुसत्या वेळेवरही विसंबू नका. मायएसक्यूएलचा 'डेटटाइम' मुळात सेकंदापर्यंतच वेळ ठेवतो आणि पोस्टग्रेसचे 'नाऊ' ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ देते, म्हणजे एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये टाकलेल्या सगळ्या ओळींना एकच वेळ. 'ऑर्डर बाय वेळ, आयडी' असे दोन्ही द्या.

दोन काउंटरांवरून एकदम नोंदी होत असतील तर आणखी एक खोच आहे. नंबर कमिटच्या (ट्रान्झॅक्शन पक्के होण्याच्या) आधीच मिळतो, त्यामुळे ४२ आधी दिसतो आणि ४१ मागून उगवतो. 'शेवटच्या आयडीच्या पुढचे' एवढेच उचलणारा प्रोग्रॅम ४१ कायमचा गाळतो.

शेवटच्या १० नोंदी सुलट्या क्रमाने हव्यात तर आतल्या क्वेरीत 'ऑर्डर बाय आयडी डिसेंडिंग, लिमिट १०', आणि बाहेरून पुन्हा 'ऑर्डर बाय आयडी'.

जुन्या टेबलात आयडी नसेल तर आता जोडून मूळ क्रम परत येईलच असे नाही. ओळी आज जशा पडल्या आहेत तसे नंबर लागतात. आधी पावतीपुस्तक काढा, तारखा जुळवा, मगच कॉलम जोडा.