पोटावरची टणक गाठ: डेस्मॉइडची लक्षणं कशी टिपायची

परकराची नाडी बांधताना डाव्या बाजूला काहीतरी रुतायला लागलं, तेव्हा मला ती गाठ पहिल्यांदा कळली. बेंबीच्या खाली डावीकडे, सिझरच्या व्रणापासून चार बोटं वर. धाकटी तेव्हा अकरा महिन्यांची होती.

मी इचलकरंजीत ब्लाऊज शिवते. वीस वर्षं कापड हाताळून बोटांना स्पर्श ओळखायची सवय झाली आहे. माझ्या आईच्या दंडावर चरबीची गाठ होती. ती मऊ होती, बोटाखाली सरकायची. ही तशी नव्हती. घट्ट रबरासारखी, आणि कडा कुठे संपते ते न कळणारी. कॉलरच्या आतलं बकरम कापडावरून दाबल्यावर लागतं, तशी. तेव्हा दुखत मात्र नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "टाक्याचं असंल, शेक दे." दोन महिने मी शेक देत राहिले. ते दोन महिने वाया गेले याचं मला अजून वाईट वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

माझी गाठ पुढे डेस्मॉइड निघाली. डेस्मॉइड ही तंतुमय ऊतीची गाठ आहे. स्नायू, त्यावरचं आवरण, स्नायूबंध अशा ठिकाणी ती धरते. 1838 साली योहानेस म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाने पट्टी किंवा स्नायूबंध या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तिला हे नाव दिलं. ती कर्करोगासारखी फुप्फुसात, यकृतात पसरत नाही. पण जिथे असते तिथे आजूबाजूच्या स्नायूत धागे घालत जाते, म्हणून कडा हाताला लागत नाही. दहा लाख लोकांमागे वर्षाला दोन ते सहा नवे रुग्ण, इतकी ती विरळ आहे. त्यामुळे पहिल्या डॉक्टरांच्या मनात ती आली नाही तर नवल नाही. बहुतेक रुग्ण पंधरा ते साठ वयाचे असतात, बायकांचं प्रमाण जास्त. पोटाच्या भिंतीतली गाठ खास करून गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतरच्या एक-दोन वर्षांत दिसते.

आता गाठ कशी पाहायची ते सांगते. उताणं झोपा, गुडघे थोडे वाकवा, पोट सैल सोडा आणि बोटांच्या पेरांनी हलक्या हाताने चाचपा. मग हात छातीवर ठेवून फक्त डोकं आणि खांदे उचला, म्हणजे पोटाचे स्नायू ताणले जातील. गाठ पोटाच्या आत असेल तर ती आता लागेनाशी होते. भिंतीत असेल तर लागत राहते. माझी पोट सैल असताना आडवी किंचित हलायची, आणि स्नायू ताणला की खिळल्यासारखी घट्ट बसायची. पुढे सर्जननी हीच तपासणी करून "ही स्नायूतली आहे" असं सांगितलं.

नंतर उभं राहून खोका. खोकताना फुगवटा बाहेर ढकलला जातो आणि आडवं झाल्यावर आत जातो, असं असेल तर हर्निया असण्याची शक्यता जास्त. मला एका दवाखान्यात आधी हर्नियाच सांगितला होता, पण माझी गाठ खोकल्यावर जराही बदलत नव्हती. हे मी तेव्हा सांगायला हवं होतं. तुम्ही सांगा.

तिसरी गोष्ट पाळीची. सिझरच्या व्रणात गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा रुजून एंडोमेट्रिओसिसची गाठ होते, आणि ती पाळीच्या दिवसांत ठणकते, फुगते. दोन्हींत गोंधळ सहज होतो. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी दुखल्याच्या दिवशी फुली आणि पाळीच्या दिवशी गोल करायला लागले. तीन महिन्यांनी पाहिलं तर फुल्या आणि गोल यांचा काही मेळ नव्हता. ते पान मी डॉक्टरांना दाखवलं, आणि नुसत्या "अधूनमधून दुखतं"पेक्षा त्याचा फार उपयोग झाला.

माप महिन्यातून एकदाच घ्या. त्याच वेळी, तसंच झोपून, तोच टेप. लांबी आणि रुंदी दोन्ही. माझी पहिल्यांदा साडेचार सेंटिमीटर भरली, पाच महिन्यांनी सहा. वरून घेतलेल्या मापात खोली कळत नाही, ती एमआरआयमध्येच कळते. पण वाढतेय, थांबलीय की कमी होतेय एवढं मात्र समजतं. रोज दाबून बघू नका आणि तेल लावून चोळू नका. चोळून ती विरघळत नाही.

दुखण्याबद्दल एक सांगायचं राहिलं. गाठीचा आकार आणि वेदना यांचं प्रमाण सारखं नसतं. मोठी गाठ गप्प असते आणि छोटी रात्री झोपू देत नाही. मला गाठ कळल्यावर सहाव्या महिन्यात कूस बदलताना आणि मशीनवर पुढे वाकताना ओढ बसायला लागली. कुठलं काम करताना दुखतं, झोप मोडते का, कुठली गोळी घेतली आणि उतार पडला का, हे तारखेसकट लिहून ठेवा.

सगळ्यांना ती पोटावरच होते असं नाही. खांदा, पाठ, छातीची भिंत, मांडी, मान इथेही होते. तिथे गाठ दिसण्याआधी हात पूर्ण वर न जाणं, गुडघा किंवा खांदा आखडणं, नस दबून मुंग्या येणं, बधिरपणा, पकड ढिली होणं हे आधी जाणवू शकतं. म्हणून "फ्रोझन शोल्डर आहे" म्हणून व्यायाम चालू असेल आणि शेजारी टणक भाग लागत असेल, तर तो दाखवा.

पोटाच्या आत, आतड्याच्या पडद्यात होणारी डेस्मॉइड सगळ्यात फसवी. खूप मोठी होईपर्यंत बाहेरून काही कळत नाही. थोडं खाल्लं तरी पोट भरतं, फुगतं, मुरडा येतो, वजन उतरतं. मूत्रवाहिनी दबली तर कमरेत दुखतं. पोट ताठ फुगलंय, उलट्या थांबत नाहीत, वारा आणि शौच दोन्ही बंद आहे, असं झालं तर घरी थांबू नका, रात्र असली तरी इस्पितळात जा. आतडं अडकलेलं किंवा फुटलेलं असू शकतं. शौचातून रक्त पडत असेल तेव्हाही तसंच.

आणि घराण्याची चौकशी करा. मोठ्या आतड्यात शेकडो कोंब होण्याचा एक आनुवंशिक आजार आहे, एफएपी. त्या रुग्णांना डेस्मॉइड होण्याचं प्रमाण इतरांपेक्षा खूप जास्त असतं, विशेषतः आतड्याच्या ऑपरेशननंतर. मी माहेरी फोन करून मामांपासून आत्यांपर्यंत सगळ्यांचं विचारलं. आमच्यात कुणाला नव्हतं. तुमच्यात कमी वयात कुणाचं आतडं काढलेलं असेल, तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, करायची का, ते त्यावर ठरतं.

एवढं टिपून नेलं की पुढचा रस्ता लहान होतो. आधी सोनोग्राफी, मग एमआरआय, आणि मग जाड सुईने तुकडा काढून बायोप्सी. बारीक सुईने काढलेल्या पेशी अनेकदा पुरत नाहीत. माझ्या रिपोर्टवर बीटा-कॅटेनिन (या गाठीच्या पेशींत शोधतात ते एक प्रथिन) पॉझिटिव्ह असं आलं आणि निदान पक्कं झालं. तुकडा तपासल्याशिवाय "काढूनच टाकू" असं कुणी म्हणालं तर दुसरं मत घ्या, जमल्यास सार्कोमाचे, म्हणजे स्नायू-हाडांसारख्या ऊतींच्या कर्करोगाचे, रुग्ण नेहमी पाहणाऱ्या डॉक्टरांचं. धागे स्नायूत शिरलेले असतात, कापल्यावरही ती पुन्हा धरू शकते. आणि काही गाठी, पोटाच्या भिंतीतल्या तर विशेष, उपचाराशिवाय थांबतात, आक्रसतात. म्हणून आता बहुतेक ठिकाणी आधी लक्ष ठेवतात. वाढ किंवा त्रास थांबला नाही तर औषधं, गोठवण्याचे उपचार, निवडक रुग्णांत ऑपरेशन. खास या आजारासाठी मान्यता मिळालेलं पहिलं औषध, निरोगासेस्टॅट, अमेरिकेत नोव्हेंबर 2023 मध्ये आलं. पुन्हा गरोदर राहायचा विचार असेल तर तेही आधीच बोला. गरोदरपणात ती वाढू शकते.

मला दर तीन महिन्यांनी एमआरआय सांगितला होता. गेल्या खेपेला गाठ सहावरून पाचवर आली होती. गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीत शेवटच्या पानावर माझं एक पान आहे, तिथे ते लिहून ठेवलं. नाडी हल्ली मी उजवीकडे बांधते.