मिरगाआधी छप्पर, आणि छपरासोबत विम्याची फाईल

गोव्यात गारा क्वचितच पडतात. इथल्या छपरांचे वैरी वेगळे आहेत: मे महिन्यातल्या वळिवाची वावटळ, मुळासकट उपटून घरावर येणारा जुना फणस, माडावरून सुटणारी सुकी चुडतं, आणि किनाऱ्याला समांतर वर सरकणारी चक्रीवादळं. १६ मे २०२१ ला तौक्ते गोव्याजवळून गेलं. ते इथं जमिनीवर उतरलंही नाही, तरी झाडं, विजेचे खांब आणि घरांची छपरं आडवी झाली आणि माणसं दगावली. त्याच वर्षी २३ जुलैच्या सुमारास म्हादई नदीच्या पुरात सत्तरी तालुक्यातली मातीच्या भिंतींची घरं बसली. छप्पर गारेनं फुटो, वाऱ्यानं उडो की झाडाखाली दबो, नंतरच्या दाव्यात विमा कंपनीनं नुकसान तपासायला नेमलेला सर्वेयर एकच गोष्ट शोधत असतो: हे नुकसान त्या दिवसाचं आहे, की वर्षानुवर्षं कुजत आलेलं छप्पर आज पडलं? या प्रश्नाचं उत्तर वादळानंतर तयार करता येत नाही. ते एप्रिल-मेच्या कोरड्या दिवसांतच करून ठेवावं लागतं. पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवायची, मिरची आणि सोलं भरतो त्याच आठवड्यात हेही काम उरकावं, असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात छपराखालून करा. भर दुपारी घरातले दिवे बंद करून माळ्यावर किंवा खोलीत उभं राहा आणि वर बघा. उन्हाचे कवडसे जिथून येतात तिथूनच पाणी येणार. त्या जागा खडूनं खाली जमिनीवर खुणावून ठेवा, म्हणजे कौलं परतणाऱ्यांना शोधत बसावं लागत नाही. मग शिडी लावून वळचणीपाशी या. वाशांची बाहेरची टोकं पागोळ्यांनी आधी कुजतात. तिथं स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा. ते सहज आत गेलं तर तो वासा या पावसाळ्यावर सोडू नका. वाळवीची मातीची नळी भिंतीवरून वाशापर्यंत चढलेली दिसते का, तेही बघा. कोन्यांच्या, म्हणजे छपराच्या माथ्यावरच्या कौलांच्या, सांध्यातलं सिमेंट फुटलंय का, आणि दोन उतार मिळतात तिथली पत्र्याची पन्हळ गंजली आहे का, या दोन जागा तर कधीच चुकवू नका, कारण मोठी गळती बहुतेक वेळा इथूनच सुरू होते. सत्तरी-डिचोलीत माकडांनी सरकवलेली कौलं हा आणखी एक नेहमीचा ताप. कौलांवर स्वतः चढू नका. हे काम रोज करणाऱ्याला बोलवा, आणि मेचा दुसरा आठवडा उलटण्याआधी बोलवा, कारण नंतर ती माणसं हाताला लागत नाहीत. छप्पर सिमेंटच्या किंवा लोखंडी पत्र्याचं असेल तर हुक, नट आणि वॉशर तपासून घ्या. वारा पत्रा उचलतो तो सैल झालेल्या हुकापासून.

मंगळुरी कौलांबद्दल एक गोष्ट जपून लक्षात ठेवा. बासेल मिशननं मंगळुरात १८६५ साली कारखाना काढला, आणि पुढं त्या किनाऱ्यावर असे अनेक कारखाने उभे राहिले. प्रत्येकाचा साचा थोडा वेगळा, त्यामुळे एका कारखान्याचं कौल दुसऱ्याच्या कौलात नीट बसत नाही. आपल्या कौलाच्या पोटावर उमटवलेलं नाव वाचा, त्याचा फोटो काढा, आणि जुनी घरं उतरवतात तिथून त्याच छापाची शंभरेक कौलं मिळाली तर मागच्या पडवीत रचून ठेवा. दाव्याच्या वेळी हे नाव कामाला येतं. जुळणारी कौलं मिळत नाहीत म्हणून एक संपूर्ण उतार बदलावा लागतोय, हे तोंडी सांगण्यापेक्षा फोटोसकट सांगितलेलं केव्हाही वजनदार.

आता फोटो. घराच्या चारही बाजू, प्रत्येक उतार, आतून वासे-रीप, प्रत्येक खोलीचं छत आणि भिंती, मीटर, सौर पॅनेल, पाण्याची टाकी, कुंपण, गेट. फोनमध्ये तारीख आणि ठिकाण नोंदलं जाईल अशी सोय चालू ठेवा आणि सगळे फोटो गावाबाहेरच्या कुणा नातेवाईकालाही पाठवा. शाकारणी करून घेतली असेल तर मजुरीची पावती, बदललेल्या वाशांचं लाकडाच्या वखारीचं बिल, आणि काम चालू असतानाचे दोन-चार फोटो एकत्र लावा. दरवर्षीची ही चार कागदांची जुडी म्हणजे छप्पर सांभाळलेलं होतं याचा पुरावा. छपराच्या दाव्यात याहून मोलाचा कागद मला तरी माहीत नाही.

खर्चाचा अंदाजही आधीच घ्या. मंगळुरी कौलं चौरस मीटरला साधारण १५ लागतात. वळचणीसकट घरानं व्यापलेली जागा १०० चौरस मीटर असेल आणि उतार ३० अंशांचा असेल, तर छपराचं खरं क्षेत्रफळ साधारण ११५ चौरस मीटर भरतं, म्हणजे सुमारे १,७२५ कौलं, आणि त्यावर मोडतोडीसाठी थोडी जास्त. एक कौल अडीच किलोचं धरलं तरी हा भार चार टनांच्या वर जातो, आणि पावसात कौलं पाणी पितात तेव्हा आणखी वाढतो. म्हणून वाशांचा खर्च वाचवून फक्त कौलं बदलणं मला कधीच पटलेलं नाही. ओळखीच्या सुताराकडून लेखी अंदाजपत्रक घ्या, पण एकरकमी आकडा घेऊ नका. कौलं, कोने, वासे, रीप, खिळे, उतरवण्याची आणि चढवण्याची मजुरी, वाहतूक, राडारोडा उचलणं, छताखालचं वायरिंग, रंग, असं एकेक कलम आणि त्याचा दर वेगळा हवा, खाली तारीख आणि सही हवी. वादळानंतर दर चढतात. तेव्हा आधीचा दर काय होता हे दाखवणारा कागद हातात असलेला बरा.

आता विमा. १ एप्रिल २०२१ पासून प्रत्येक सर्वसाधारण विमा कंपनीला ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारख्या अटींची पॉलिसी ठेवावी लागते. तिच्यात आग, वीज, भूकंप, वादळ, चक्रीवादळ, पूर, दरड हे सगळं येतं. बाहेरची वस्तू घरावर आदळून झालेलं नुकसानही येतं, आणि त्यात पडणारं झाड स्पष्टपणे धरलेलं आहे. कुजणं, वाळवी आणि जुनी गळती यांची भरपाई मात्र मागू नका. विम्याची रक्कम ठरते ती घराच्या कार्पेट क्षेत्रफळाला, म्हणजे बाहेरच्या भिंतींच्या आतल्या वापराच्या जागेला, बांधकामाच्या दरानं गुणून. जमिनीची किंमत त्यात येत नाही, आणि येऊही नये, कारण वादळात जमीन उडत नाही. समजा कार्पेट १०० चौरस मीटर आणि दर २५,००० रुपये धरला, तर इमारतीची रक्कम २५ लाख होते. घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं, म्हणजे इथं ५ लाख. दागिने मात्र आपोआप येत नाहीत, ते वेगळे नोंदवावे लागतात.

गोव्यातली घरं इथंच फसतात. कार्पेट क्षेत्रफळात व्हरांडा धरत नाहीत. आपलं बाल्कांव, म्हणजे दारापुढचा बसायचा ओटा, पुढची पडवी, गाडीची शेड, कुंपणाची चिऱ्याची भिंत, गेट, सौर पॅनेल, पाण्याची टाकी ही सगळी ‘जादा बांधकामं’ म्हणून स्वतंत्र किंमत लावून अर्जात लिहावी लागतात. झाड कोसळतं ते बहुतेकदा या पुढच्या भागावरच, म्हणून एजंटानं भरलेला अर्ज सही करण्याआधी ओळ न् ओळ वाचा. घराला नंतर खोली वाढवली आणि कार्पेट क्षेत्रफळ १० टक्क्यांहून जास्त वाढलं, तर तेही कळवून जादा हप्ता भरावा लागतो, नाहीतर वाढलेला भाग संरक्षणाबाहेर राहतो. घर वर्षातले बरेच महिने बंद असेल, मुलं मुंबईला किंवा परदेशात असतील, किंवा घर पाहुण्यांना भाड्यानं देत असाल, तर तेही विमा घेतानाच लेखी कळवा आणि पोच घ्या. गृहकर्ज असेल तर बँकेनं काढलेली पॉलिसी मागवून घ्या. पुष्कळांच्या घरी ती कुणी पाहिलेलीच नसते. पैसे आधी कुणाच्या खात्यात जाणार आहेत, हे तीच सांगते.

मग घर कुणाच्या नावावर आहे ते बघा. आजोबांच्या नावावरची घरपट्टी, वाटणी न झालेलं घर आणि चार भावांत एक छप्पर, हे आपल्याकडं घरोघरी आहे. राहणारा एक आणि कागदावर दुसराच, अशा घराचा दावा रेंगाळतो. म्हणून पॉलिसी घेतानाच सहमालकांची संमती लेखी घ्या, आणि घरपट्टीची चालू पावती, जमिनीच्या नोंदीचा एक-चौदाचा उतारा किंवा शहरातला फॉर्म डी, वीजबिल हे सारं एका फाईलमध्ये ठेवा. मुंडकार म्हणून, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवरच्या घरात, राहत असाल तर १९७५ च्या मुंडकार कायद्याखाली नोंद झाल्याचा कागद त्याच फाईलमध्ये हवा.

धोक्याच्या झाडाचं काम मे संपण्याआधी करा. १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यामुळं आपल्याच भाटातलं, म्हणजे बागायतीतलं, झाडही वन खात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. शेजाऱ्याचं झाड आपल्या छपरावर झुकलं असेल आणि तो ऐकत नसेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली उपजिल्हाधिकाऱ्यांकडं अर्ज करता येतो. अर्जाची पोच फाईलमध्ये लावा. झाड पडलंच, तर आपण आधी सांगितलं होतं हे त्या एका शिक्क्यावरून दिसतं.

छप्पर गेलंच, तर पहिल्या तासात आधी माणसं बाहेर काढा आणि मेन स्विच बंद करा. तार तुटली असेल तर वीज खात्याच्या १९१२ ला आणि अग्निशमन दलासाठी ११२ किंवा १०१ ला कळवा. झाड कापायला दल आलं तर त्यांच्या नोंदीची प्रत नंतर मागून घ्या. काहीही हलवण्याआधी फोटो काढा: लांबून, जवळून, आतून. गारा पडल्या असतील तर वितळण्याआधी त्यांच्या शेजारी नाणं ठेवून फोटो घ्या, आणि कौलं वरून साबूत दिसली तरी आतून बघा, कारण केसाएवढ्या चिरा पहिल्या मोठ्या पावसातच बोलू लागतात. मग ताडपत्री घाला. नुकसान वाढू न देणं ही तुमचीच जबाबदारी असते आणि तात्पुरत्या कामाला हरकत नसते, त्याची बिलं मात्र ठेवा. कायमची दुरुस्ती सर्वेयर येऊन जाईपर्यंत थांबवा, आणि फुटलेली कौलं, मोडलेले वासे अंगणाच्या कोपऱ्यात रचून ठेवा. ते ट्रकात भरून पाठवून दिले की दाव्याचा अर्धा पुरावा गेलाच म्हणून समजा.

कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि दाव्याचा क्रमांक लिहून घ्या. भरलेला अर्ज ३० दिवसांच्या आत द्यायचा असतो. कारणाच्या रकान्यात ‘छप्पर गळतं’ असं कधीही लिहू नका. वादळ झालं असेल तर वादळ, झाड पडलं असेल तर झाड, आणि सोबत दिवस आणि वेळ. पणजीच्या हवामान केंद्रानं त्या दिवशी दिलेला इशारा आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातली गावाची बातमी जोडा. विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांप्रमाणं कळवल्यापासून २४ तासांत सर्वेयर नेमायचा, त्यानं १५ दिवसांत अहवाल द्यायचा, आणि अहवाल मिळाल्यावर ७ दिवसांत कंपनीनं निर्णय करायचा, असा क्रम आहे. सर्वेयर येईल तेव्हा सुताराला घरी बोलवा. एप्रिलचे फोटो आणि कलमवार अंदाजपत्रक आपण होऊन त्याच्या हातात द्या, आणि अहवालाची प्रत लेखी मागा. राडारोडा उचलण्याचा खर्च दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत आणि वास्तुविशारद-अभियंत्याची फी ५ टक्क्यांपर्यंत या पॉलिसीत मिळते. अनेकजण ही मागायचीच विसरतात.

तलाठ्याचा पंचनामाही त्याच आठवड्यात करून घ्या, मामलेदार कार्यालयात अर्ज देऊन. आपत्ती निधीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत पक्क्या घराचं किमान १५ टक्के नुकसान झालं तर ६,५०० रुपये, आणि सपाट प्रदेशातलं पक्कं घर पूर्ण गेलं तर १ लाख २० हजार रुपये धरलेले होते. गारपीटही त्या यादीत होती. या पैशात छप्पर उभं राहत नाही, पण सरकारी पंचनामा विम्याच्या दाव्यात भक्कम साक्षीदार ठरतो.

दावा नाकारला किंवा रक्कम फार कमी केली, तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा आणि महिनाभर वाट बघा. तोवर ‘विमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्यानंतर विमा लोकपालाकडं जाता येतं. गोव्यासाठी ते कार्यालय मुंबईत आहे, ५० लाखांपर्यंतच्या दाव्यांची तक्रार तिथं चालते, त्यासाठी फी नाही आणि वकील लागत नाही. कंपनीनं नकार दिल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करा, आणि सोबत एप्रिलपासून जमवलेल्या सगळ्या कागदांच्या झेरॉक्स लावा. मूळ प्रती घरातच राहू द्या.