बुजऱ्या कुत्र्याला घर कसे शोधावे

आमच्या निवारा केंद्रातली कुत्री तांबी दत्तक गेलेल्या पहिल्या घरातून अकराव्या दिवशी परत आली, आणि त्यात ना तिचा दोष होता ना त्या कुटुंबाचा. तिच्याविषयी मी लिहिलेल्या मजकुरात ‘प्रेमळ, तीन वर्षांची, नसबंदी व लसीकरण पूर्ण’ एवढेच होते. प्रत्येक शब्द खरा होता. पण दुसरा कुत्रा दिसला की ती पट्टा ताणून, मागच्या पायांवर उभी राहून भुंकते आणि दारात अचानक अनोळखी माणूस आला की त्याच्या अंगावर धावून जाते, हे मी लिहिले नव्हते. नागपूरच्या मनीष नगरातील त्या इमारतीत लिफ्टचे दार उघडले की समोर बहुधा शेजाऱ्यांचा कुत्रा उभा असे. दिवसातून चार वेळा लिफ्ट, म्हणजे चार वेळा तोच प्रसंग. त्यानंतर मी एकच पद्धत पाळत आले आहे: अशा कुत्र्याला किती अंतर लागते ते आधी मोजावे, आणि तेवढे अंतर ज्या घराच्या दारात, जिन्यात आणि गल्लीत मिळेल तेच घर शोधावे.

प्रशिक्षक ज्याला रिॲक्टिव्ह म्हणतात, ते कुत्रे बहुतेक वेळा भ्यालेले असते. भुंकून, झेप घेऊन ते समोरच्याला ‘लांब राहा’ एवढेच सांगत असते, आणि समोरचा खरोखरच लांब गेला की हा उपाय चालतो हे त्याच्या मनात पक्के बसते. प्रत्येक कुत्र्याची एक सीमा असते. तिच्या अलीकडे त्याला ऐकू येते, खाता येते, शिकता येते, आणि तिच्या पलीकडे यांपैकी काहीही जमत नाही. ही सीमा शोधण्यासाठी किमान दोन आठवडे रोज वही लिहावी. तांबीच्या वहीतली एक नोंद येथे देते: ‘सकाळी ६.१०. फाटकाबाहेर काळा कुत्रा, ४० पावले. कान पुढे, शेपटी ताठ, तोंड मिटलेले. हाक मारल्यावर वळली, चिकन खाल्ले. ३० पावले: ओठ चाटले, चिकन हुंगले, घेतले नाही. २५ पावले: भुंकली, उडी.’ वाचणाऱ्याची नजर शेवटच्या ओळीवर जाते, पण कामाची ओळ मधली आहे. आवडते खाणे नाकारले तेव्हाच ती सीमेवर पोहोचली होती. म्हणून तिचे सुरक्षित अंतर ४० पावले धरले, २५ नव्हे.

ओठ चाटणे, झोप नसताना जांभई देणे, मान वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहणे आणि जागच्या जागी थिजणे ही गुरगुरण्याच्या आधीची लक्षणे होत. केंद्रातल्या प्रत्येक सेवकाला ती ओळखता आली पाहिजेत. गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला रागावणे, काठी दाखवणे किंवा विजेचा झटका देणारा पट्टा वापरणे याला माझा ठाम विरोध आहे, कारण त्यामुळे भीती कमी होत नाही, केवळ इशारा देण्याची सवय मोडते, आणि असे कुत्रे पुढे इशारा न देता चावू शकते. वहीत आणखी एक गोष्ट नोंदवावी. सकाळी इंजेक्शन, दुपारी शेजारच्या पिंजऱ्यातले भांडण आणि संध्याकाळी पाहुणे असे एकावर एक ताण आले, तर एरवी ४० पावलांवर शांत राहणारे कुत्रे त्या दिवशी ६० पावलांवरही भुंकते. तो ताण उतरायला एक-दोन दिवस लागू शकतात. अशा दिवशी पाहुण्यांना कुत्रे दाखवू नये.

वही भरत असतानाच डॉक्टरांकडून पूर्ण तपासणी करून घ्यावी. कानातला संसर्ग, किडका दात, वाहनाच्या धडकेनंतर नीट न जुळलेले हाड, दुखरी कंबर यांपैकी काहीही असले तरी कुत्रे जवळ येणाऱ्यावर खेकसते आणि आपण त्याला स्वभाव समजतो. तांबीच्या मागच्या उजव्या पायात जुनी दुखापत निघाली. त्यावर उपचार झाल्यावर पाठीवर हात ठेवलेला तिला चालू लागला. सेमिनरी हिल्स येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयामुळे नागपुरात तज्ज्ञांचे मत मिळवणे तुलनेने सोपे आहे. भीती फार खोल असेल तर डॉक्टर फ्लुऑक्सेटिनसारखे औषध सुचवू शकतात. त्याचा परिणाम दिसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात, म्हणून नवे घर मिळाल्यावर ते सुरू करण्यापेक्षा शोध सुरू करतानाच विचारणे बरे. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने कोणतेही औषध आणून देऊ नये.

शक्य असेल तर कुत्रे केंद्रातून काढून काही आठवडे एखाद्या स्वयंसेवकाच्या घरी ठेवावे, आणि आठवडे जमत नसतील तर निदान तीन-चार रात्री. दिवसभर जाळीपलीकडे भुंकणारे पन्नास कुत्रे, लोखंडी दारांचा आवाज आणि झोपेचा अभाव यांतून जो स्वभाव दिसतो, तो घरातला स्वभाव नसतो. घरी मात्र कुकरची शिट्टी, कपडे वाळवायची काठी, दारावरची बेल आणि खेळणारी मुले यांच्याविषयी खरी माहिती मिळते. याच काळात जाळीच्या मुसक्याची सवय लावावी. आपल्याकडे डवरणीच्या वेळी बैलाने पिकाला तोंड लावू नये म्हणून त्याला मुसके घालतात, त्यामुळे हा शब्द लोकांना परका नाही. तरी कुत्र्याला मुसके घातले की ‘क्रूर’ म्हणणारे भेटतात. ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतात आणि पाणी पिता येते असे टोपलीसारखे मुसके क्रूर नाही. त्यात आतून खाऊ ठेवावा, कुत्र्याने स्वतःहून तोंड घालावे, आणि पट्टी बांधण्याची घाई दोन-तीन आठवडे करू नये. नागपूरच्या उन्हाळ्यात तोंड आवळून बंद करणारे कापडी मुसके जीवघेणे ठरू शकते.

आता मजकूर. येथे बहुतेकांचा हात आखडतो, कारण खरे लिहिले तर कोणी फोनच करणार नाही अशी भीती वाटते. फोन कमी येतात हे खरे आहे. पण जे येतात ते कामाचे असतात. तांबीसाठी दुसऱ्यांदा लिहिलेला मजकूर असा होता: ‘तांबी, साडेतीन वर्षे, १७ किलो. ओळखीच्या माणसाच्या पायाशी झोपते, घरात घाण करत नाही, चार तास एकटी राहते. ४० पावलांच्या आत दुसरे कुत्रे आले तर भुंकते व झेपावते. घरात येणाऱ्या अनोळखी माणसाला किमान तीन भेटी लागतात, तोपर्यंत तिला वेगळ्या खोलीत ठेवावे लागते. एकदा पाहुण्याच्या पँटला दात लावले, त्वचेला इजा झाली नाही. मुसक्याची सवय आहे. १२ वर्षांखालील मुले, दुसरे कुत्रे किंवा लिफ्ट असलेल्या घरात देता येणार नाही.’ सोबत दोन चित्रफिती जोडल्या, एकीत ती चटईवर निवांत पहुडलेली आणि दुसरीत ४० पावलांवरून कुत्र्याकडे पाहून वळताना. झेपावतानाची चित्रफीत मुद्दाम काढू नये, कारण त्यासाठी कुत्र्याला घाबरवावे लागते.

चावल्याची नोंद लपवणे हा दत्तक घेणाऱ्या पालकावर अन्याय आहे, शिवाय त्याला कायद्याच्या दृष्टीनेही धोका आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाला इजा होऊ नये याची पुरेशी काळजी न घेणाऱ्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकते. ज्याला धोक्याची माहितीच दिली नाही तो काळजी कशी घेणार?

हा मजकूर सर्वत्र पसरवण्यापेक्षा पशुवैद्यांना, पूर्वी आपल्याकडून कुत्रे नेलेल्या कुटुंबांना आणि ज्यांचे म्हातारे कुत्रे नुकतेच गेले आहे अशा लोकांना नेमकेपणाने पाठवावा. अशा कुत्र्याबरोबर आधी राहिलेला माणूस फोनवर ‘दिसायला कशी आहे’ हे विचारत नाही. तो ‘रात्री कुठे झोपते, पट्टा लावताना काय करते’ असे विचारतो. ज्याला फोनवरच ‘माझ्याकडे आली की आठ दिवसांत सरळ होईल’ असे वाटते, त्याला मी नम्रपणे नकार देते.

गृहभेटीला कुत्रे नेऊ नये. आपण एकटे जावे आणि दारापासून रस्त्यापर्यंत चालून पाहावे: वळणे किती, आडोसा कुठे, समोरून कुत्रे आले तर मागे फिरायला जागा आहे का, फाटकाबाहेर मोकाट कुत्र्यांचा कळप बसतो का. महाल, इतवारीच्या अरुंद गल्ल्यांत हे अंतर मिळणे जवळजवळ अशक्य आहे. बेसा किंवा बेलतरोडीकडे कुंपण असलेले स्वतंत्र घर अधिक सोयीचे, मात्र कुंपणाची उंची आणि फाटकाखालची फट हाताने तपासावी. दूधवाला, मोलकरीण, गॅस सिलिंडर देणारा, शिकवणीची मुले यांपैकी कोण कधी येते ते विचारून लिहून घ्यावे. आपल्याकडे उन्हाळ्याचे चार महिने घराघरांत कूलर चालतो. त्याच्या सलग आवाजाने बाहेरचे आवाज झाकले जातात हा बुजऱ्या कुत्र्याला फायदाच आहे, पण कूलरच्या पत्र्यात वीज उतरून अपघात होतात, म्हणून अर्थिंग तपासल्याशिवाय त्याच्याजवळ कुत्र्याची जागा करू देऊ नये. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि डांबर पंजे भाजते, त्यामुळे फिरायला पहाटे सहाच्या आधी किंवा रात्री उशिरा जाण्याची तयारी हवी. त्या वेळी रस्तेही मोकळे असतात. संध्याकाळी फुटाळा तलावावरच्या गर्दीत फिरवायला नेऊ, असे कोणी कौतुकाने म्हटले तर त्याला वही उघडून दाखवावी.

घर भाड्याचे असेल तर मालकाची लेखी संमती घ्यावी. गृहनिर्माण संस्थेला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, हे प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. तरीही नियम हातात धरून भांडत राहावे लागणारे घर बुजऱ्या कुत्र्यासाठी मी निवडणार नाही. महानगरपालिकेकडील नोंदणी आणि दरवर्षीची रेबीजची लस यांची जबाबदारी कोणाची, हे करारात लिहावे.

पहिली भेट मोकळ्या जागेत, चालता चालता व्हावी. पाहुण्याने कुत्र्याकडे न पाहता, हात पुढे न करता, त्याच्या सुरक्षित अंतरावरून त्याच दिशेने चालावे. अंतर कुत्र्याच्या कलाने कमी होऊ द्यावे. ते हुंगायला आले तरी लगेच डोक्यावर हात ठेवू नये. मी किमान चार भेटी मागते, त्यांत घरातील प्रत्येक माणूस एकदा तरी असला पाहिजे. घरातील आजोबांना मनातून कुत्रे नको असेल तर ते तिसऱ्या भेटीपर्यंत कळतेच, आणि ते कळलेले चांगले.

कुत्रे घरी पाठवण्याचा दिवसही पाहून ठरवावा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा आणि मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक, चारच दिवसांनी गणपती, पुढे दसरा व दिवाळीचे फटाके असा हा सलग गोंगाटाचा काळ टाळावा. दिवाळी संपल्यावर आणि उन्हाळा सुरू होण्यापूर्वीचा काळ सर्वांत चांगला, लग्नाच्या वराती कुठून जातात तेवढे पाहून ठेवावे.

नेताना छातीचा पट्टा आणि गळ्याचा पट्टा दोन्ही लावावेत, कारण बुजरे कुत्रे पळते ते बहुधा पहिल्या दोन दिवसांत, गाडीतून उतरताना किंवा उघड्या फाटकातून. केंद्रातले न धुतलेले अंथरूण सोबत द्यावे. पहिले तीन दिवस एकच खोली, तेच ताट, तीच माणसे. शेजाऱ्यांना दाखवणे नाही, अंघोळ नाही. रुळायला तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ढोबळ हिशेब सांगितला जातो. तांबीसारख्यांना त्याहून अधिक लागतात हे आधीच सांगावे. तिसऱ्या दिवशी, दहाव्या दिवशी आणि त्यानंतर तीन महिने दर पंधरवड्याला आपण स्वतः फोन करावा. पालकाच्या फोनची वाट पाहू नये, कारण अडचण सांगायला लोक संकोचतात. कधी दात लागून त्वचा फाटलीच, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन, कुत्र्याचे लसीकरण झालेले असले तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, एवढे प्रत्येक घरात लिहून द्यावे.

काही कुत्र्यांना घर देता येत नाही, हेही मान्य केले पाहिजे. कोणतेही कारण न दिसता, एकाहून अधिक वेळा खोल चावलेल्या कुत्र्याविषयी एकट्या स्वयंसेवकाने निर्णय घेऊ नये. पशुवैद्य आणि वर्तनतज्ज्ञ यांच्यासमोर वही ठेवून ते ठरवावे.

आणि परतीचे दार लेखी उघडे ठेवावे. करारात कारण न विचारता परत घेण्याची अट असली की पालक कुत्र्याला रस्त्यावर सोडत नाही किंवा गुपचूप दुसऱ्याला देत नाही. प्राण्याला उघड्यावर टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, पण त्या धाकापेक्षा परतीचा भरवसा अधिक उपयोगी पडतो. कुत्रे परत आले तर त्या घराला बोल लावू नये. तेथे लिहिलेली वही मात्र आठवणीने मागून घ्यावी; मनीष नगरातून आलेल्या अकरा दिवसांच्या नोंदींत लिफ्टचा उल्लेख सव्वीस वेळा होता, आणि दुसऱ्या मजकुरातली लिफ्टची अट त्याच पानांतून आली.