बोटीत पाणी येतंय? एम-सील थापायच्या आधी या चुका टाळा

बोटीत पाणी दिसलं की लोकं पहिलं काय करतात, तर जिथं ओलं दिसतंय तिथं एम-सील थापतात आणि पुढच्या रविवारी परत तेवढंच पाणी. पाणी दिसतंय तिथनंच आत येतंय असं नसतंय राव. ते फळ्यांखालनं वाहत जाऊन सगळ्यात खोल जागी गोळा होतं, म्हणजे इंजिन आणि माणसं मागं असली की मागंच दिसणार, भोक भले नाकाजवळ, म्हणजे पुढच्या टोकाला का असेना.

त्याच्याही आधी बघा की पाणी तळ्याचं आहे का पावसाचं. आपल्याकडच्या पावसाळ्यात ताडपत्रीच्या घडीतनं कितीतरी पाणी आत उतरतं. बोट पुसून कोरडी करा, जमिनीवरच झाकून एक-दोन रात्री ठेवा, पाणी आलं तर गळती वरनं आहे, तळाला हात लावू नका.

मग ड्रेन प्लग, म्हणजे मागचं बूच. त्याचा रबरी वॉशर कडक होऊन चिरतो, किंवा बुचाच्या रिंगचे स्क्रू ढिले होतात. हे न बघता लोकं थेट फायबरवाल्याकडं बोट टाकतात, वॉशर चहाच्या पैशात येतोय!

भोक शोधायचं तर उलटं करा: बोट बाहेर काढून आत पाणी भरा आणि बाहेरनं बघा कुठनं टिपकतंय. बाहेरची बाजू आधी कोरडी करून खडूची पूड चोळली की बारीक ओलसुद्धा दिसते, लगेच मार्करनं गोल करायचा. बोट थोडी नाकाकडं, मग मागं कलवून बघा. पण इथं मोठी चूक होते, दोन दगडांवर बोट ठेवून काठोकाठ पाणी भरतात. 10 बाय 4 फुटाच्या सपाट तळात 4 इंच पाणी म्हणजे जवळजवळ 375 लिटर, म्हणजे तेवढेच किलो, आणि ते वजन दोन ठिकाणी आलं की नसलेली चीर पडते. खाली जुने टायर नीट पसरून ठेवा, दोन-तीन इंच पाणी बास.

दुहेरी तळाच्या बंद बोटीत पाणी भरता येत नाही, तिथं ब्लोअरची हलकी हवा आणि बाहेरनं साबणाचं पाणी, बुडबुडे दिसतात, पंक्चर काढतात तसं. पंक्चरवाल्याचा कंप्रेसर मात्र लावू नका, जोडच उघडतील.

आता सिलिकॉन. बाथरूमचं सिलिकॉन फायबरवर लावलं की त्याचा चिकट थर राहतो आणि नंतर त्यावर रेझिनही (फायबर जोडायचं पातळ द्रव) धरत नाही, रंगही नाही. स्क्रू-बोल्टच्या जागी बोटीसाठीचा पीयू (पॉलीयुरेथेन) सीलंट घ्या, आणि बोल्ट लगेच पूर्ण आवळू नका, नाहीतर सगळा सीलंट बाहेर पिळून निघतो. थोडं आवळा, सुकू द्या, मग शेवटचा पिळ. एम-सील काठापर्यंत यायला ठीक, पण ते इपॉक्सी आहे, त्यावर नेहमीचं पॉलिस्टर रेझिन नीट धरत नाही, म्हणून पक्कं काम करताना ते खरवडून काढावंच लागतं.

घाटाच्या दगडी पायऱ्यांवरनं बोट ओढणाऱ्यांची कण्याची बाजू, म्हणजे तळाची मधली रेघ, आधी जाते. तिथं फायबर पूर्ण वाळवून, चिरीच्या भोवती लांब उतार देत घासायचं (जाडीच्या 12 पट लांबीचा उतार चांगला), ॲसिटोननं पुसून रेझिनमध्ये भिजवलेल्या मॅटचे (फायबरच्या कापडाचे) थर द्यायचे. शक्यतो बाहेरनं, म्हणजे पाण्याचा दाब पॅचला आत दाबतो. भर जुलैत हे काम काढू नका, ओलाव्यात रेझिन धरत नाही. आणि हार्डनर (रेझिन घट्ट करणारं द्रव) आणि कोबाल्ट (ते लवकर घट्ट व्हायला घालतात ते द्रव) एकमेकांत थेट कधीच मिसळायचं नाही, स्फोट होतो, आधी कोबाल्ट रेझिनमध्ये नीट ढवळायचं, मग हार्डनर. डोळ्याला चष्मा पाहिजेच.

ॲल्युमिनियमची असेल तर रिव्हेट बघा, ढिला रिव्हेट नुसता ठोकण्यापेक्षा बदललेला बरा.

पॅच तपासायला काठाला बांधून, आत माणसं बसवून अर्धा तास ठेवा. कोल्हापुरात पंचगंगेला पाणी चढलं असताना अजिबात नको, राजाराम बंधाऱ्याला पाण्याची पातळी 39 फुटाला इशारा आणि 43 ला धोका असतो, पण 39 च्या आधीही त्या ओढीत आणि केंदाळात पॅच बघायची हौस कशाला.

एवढं करूनही पाणी दिसत नाही पण बोट जड लागतेय, तर दोन थरांमधला फोम पाणी पिऊन बसलाय. बाहेरनं सील केलं तर ते पाणी आतच कोंडतं. खालनं भोक पाडून निथळू द्यावं लागतं, आणि बऱ्याचदा फोमच बदलावा लागतो. सेकंडहँड बोट घेताना एका बाजूनं उचलून बघा, आणि जड लागली तर भाव तसा पाडून मागा.