मेंदूच्या आजारांचे आकडे वाचताना या चुका टाळा

१९८०च्या दशकात मुंबईतल्या पारशी वसाहतींमध्ये घरोघरी जाऊन १४,०१० लोकांची पाहणी झाली. पार्किन्सन्सचे (हात थरथरणं, हालचाली मंदावणं हा मेंदूचा आजार) रुग्ण निघाले लाखामागे ३२८. साधारण त्याच काळात काश्मीरमधल्या ग्रामीण भागात अशीच पाहणी झाली, तिथे लाखामागे फक्त १४. हे दोन आकडे शेजारी-शेजारी मांडून ‘पारशांमध्ये हा आजार तेवीसपट’ असं म्हणणं ही पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक.

पार्किन्सन्स मुख्यतः उतारवयात होतो. पारशी समाजात ज्येष्ठांचं प्रमाण मोठं, तर काश्मीरची ती खेडी लेकुरवाळी. जिथे म्हातारी माणसंच थोडी, तिथे म्हातारपणाचा आजार थोडाच दिसणार. काश्मीरच्याच पाहणीत फक्त साठीपुढचे लोक घेतले, तर आकडा १४ वरून लाखामागे सुमारे २४७ वर जातो. आणि पारशांमध्ये तरुण-म्हाताऱ्यांचं प्रमाण अमेरिकेच्या १९६०च्या लोकसंख्येसारखंच असतं तर आकडा किती आला असता, हे काढलं, की ३२८ चे १९२ होतात. पारशांमध्ये आजार खरोखर थोडा जास्त असेलही, पण तेवीसपट हा वयाचा खेळ आहे. म्हणून दोन प्रदेशांची किंवा दोन दशकांची तुलना दिसली, की वयाचा फरक काढून टाकला आहे का, हे आधी बघा. नसेल, तर निदान एकाच वयोगटाचे आकडे समोरासमोर ठेवा.

याच्याच जवळची चूक म्हणजे ‘कितीपैकी’ हे विसरणं. भारतात ७.४ टक्के स्मृतिभ्रंश, असं वाचलं असेल. ते ७.४ टक्के साठ आणि त्यापुढच्या वयाच्या लोकांतले आहेत, म्हणजे अंदाजे ८८ लाख माणसं. सगळ्या देशाला तेच गुणोत्तर लावलं, तर दहा कोटींच्या वर आकडा जातो.

मग हरियाणातल्या बल्लभगढला नव्वदच्या दशकात ६५ वर्षांपुढच्या लोकांत स्मृतिभ्रंश जेमतेम १.३६ टक्के कसा सापडला? तिथले बहुतेक वृद्ध निरक्षर होते, त्यांच्यासाठी खास हिंदी चाचणी तयार केली होती, आणि काम कसोशीने झालं होतं. पण निदानासाठी ‘रोजच्या व्यवहारात अडचण येते’ हेही दिसावं लागतं. घरच्यांनी आजीकडून व्यवहाराची अपेक्षाच ठेवली नसेल, तर अडचण कुणाच्या लक्षात येणार? आपल्याकडे तर ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून विषयच मिटवतात. ती म्हण घरात असेपर्यंत सर्वेक्षकाला ‘नाही हो, तसं काही नाही’ हेच उत्तर मिळणार. शिवाय आजार जडल्यावर माणूस फार जगत नसेल, तर त्यामुळेही पाहणीच्या दिवशी कमी रुग्ण दिसतात. त्यामुळे १.३६ आणि ७.४ यांच्यावरून ‘पाचपट वाढ’ असं लिहू नका. ठिकाण वेगळं, चाचणी वेगळी, वयोगटही वेगळा.

प्रश्न कसा विचारला, याचं वजन अपस्माराच्या, म्हणजे मिरगीच्या, बाबतीत सर्वांत जास्त. ‘घरात कुणाला मिरगी आहे का?’ असं दारात उभं राहून विचारलं, तर लग्नाच्या मुलीच्या घरात उत्तर ‘नाही’ येतं. हिंदू विवाह कायद्यातला, लग्नाला अडथळा म्हणून असलेला अपस्माराचा उल्लेख १९९९ साली काढून टाकला, पण मनातून तो अजून गेलेला नाही. म्हणून आजाराचं नाव न घेता लक्षण विचारावं: कधी हातपाय ताठ होऊन, तोंडाला फेस येऊन शुद्ध हरपली का? त्यातही नुसतं क्षणभर हरवल्यासारखं बघत राहणारं मूल निसटतंच, त्यासाठी वेगळा प्रश्न हवा.

रुग्णालयाच्या नोंदींवरून देशाचं चित्र काढणं म्हणजे तर दवाखान्याची पायरी चढू शकणाऱ्यांचीच मोजदाद. बंगळूरच्या घरोघरच्या पाहणीत एक लाखाहून अधिक लोक तपासले. अपस्मार शहरी भागात लाखामागे ५७८ होता, ग्रामीण भागात ११९४. मेंदूविकारतज्ज्ञ मात्र शहरात बसतात. नुसत्या ओपीडीच्या वह्या चाळल्या असत्या, तर खेड्यातला हा दुपटीचा भार दिसलाच नसता.

‘आज किती रुग्ण आहेत’ आणि ‘वर्षात किती नवे झाले’ यांत गल्लत नको. रेबीजचा रुग्ण लक्षणं दिसल्यावर काही दिवसांत दगावतो, म्हणून घरोघरच्या पाहणीत तो जवळजवळ सापडतच नाही. अपस्मार वर्षानुवर्षं सोबत राहतो, म्हणून प्रत्येक पाहणीत दिसतो.

टक्केवारीतली वाढही जपून वाचा. भारताच्या एकूण आजारभारात (अकाली मृत्यूने आणि आजारपणाने वाया गेलेली वर्षं) असंसर्गजन्य मेंदूविकारांचा वाटा १९९० मध्ये ४ टक्के होता, २०१९ मध्ये ८.२. यात लोकसंख्येचं वय वाढलं हे आहेच, पण लहान मुलांचे संसर्गाचे आजार घटले, म्हणूनही उरलेल्यांचा वाटा फुगतो.

आणि फक्त मृत्यू मोजू नका. पक्षाघाताने २०१९ मध्ये देशात सुमारे ७ लाख माणसं गेली, तो आकडा सगळ्यांना दिसतो. त्याच वर्षी मायग्रेन असलेले अंदाजे २१ कोटी लोक होते. अंधाऱ्या खोलीत डोकं धरून घालवलेले त्यांचे दिवस मृत्यूच्या तक्त्यात कुठेच येत नाहीत.