गावचा हप्ता अडला? आधी मुंबईत बसून हे बघा

गावाहून फोन आला, "दोन हजार आलेच नाहीत रे," तर लगेच वडलांना एसटीत बसवून तालुक्याला पिटाळू नका. ऐंशीच्या घरातल्या माणसाने उन्हातान्हात हेलपाटे का घालायचे? बरंचसं आपल्याला इथून, लोकलमध्ये उभ्या उभ्याही, कळतं. आमच्या काळाचौकीच्या चाळीत आणि गावकीच्या मंडळात मी हेच करून देतो.

पहिला प्रश्न, कोणते दोन हजार? शेतकऱ्यांसाठीच्या पीएम किसान योजनेचे केंद्राकडून वर्षाला ६,००० रुपये आणि २०२३ पासून नमो शेतकरी योजनेचे राज्याकडून तेवढेच. दोन्ही दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत, पण वेगवेगळ्या दिवशी. नमोचे लाभार्थी पीएम किसानवरूनच ठरतात, म्हणून आधी केंद्राचं बघायचं.

पीएम किसानच्या सरकारी संकेतस्थळावर 'नो युवर स्टेटस' उघडा. नोंदणी क्रमांक ठाऊक नसेल तर तिथेच मोबाइल किंवा आधार क्रमांकावरून मिळतो. ओटीपी गावातल्या फोनवर जाईल, तेव्हा शेजारच्या एखाद्या पोराला आधीच आईजवळ बसवून ठेवा. पान उघडलं की तीन ओळी शोधा: लँड सीडिंग (जमिनीची नोंद योजनेला जोडली का), ई-केवायसी (ओळख पटवली का), आधार-बँक सीडिंग (बँक खात्याला आधार जोडलं का). 'नो' असेल तिथे दुखणं.

आणि तिन्ही 'येस' असूनही पैसे दिसत नसतील तर? हे मुंबईकरांच्या घरात फार होतं. आमच्या चाळीतल्या एका काकूंच्या सासूबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनला इथे आल्या होत्या. तेव्हा नातवाने त्यांचं खातं परळला उघडलं, आधार जोडलं. पुढे गावात त्या जिल्हा बँकेत पासबुक भरून भरून थकल्या, हप्ते मात्र परळच्या खात्यात पडत होते. पैसे आधारवरून जातात, आणि आधार शेवटी ज्या खात्याला जोडलं तिथेच जातात. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' बघा, बँकेचं नाव दिसेल. गावच्या खात्यात पैसे हवे असतील तर तिथल्या बँकेत आधार जोडणीचा अर्ज द्यायचा. बँक लांब असेल तर पोस्टमनकडून पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं उघडून घ्या.

ई-केवायसी अडली असेल तर बहुतेक वेळा अंगठाच उमटत नाही. आयुष्यभर खुरपं धरलेल्या हाताच्या रेषा उरतात कुठे? पीएम किसान अॅपमध्ये चेहरा दाखवूनही केवायसी होते. गणपतीला गावी जाल तेव्हा स्वतःच्या फोनवरून आईची करून टाका. अॅप मात्र प्ले स्टोअरवरूनच घ्या. व्हॉट्सअॅपवर याच नावाने येणाऱ्या फाइली खातं रिकामं करतात.

लँड सीडिंगचं काम इथून होत नाही. तरी डिजिटल सातबारा १५ रुपयांत काढा आणि नाव बघा. आजोबा जाऊनही सातबारा त्यांच्याच नावावर असेल तर आधी तलाठ्याकडे वारसनोंद, मग तालुका कृषी कार्यालय. शेतकरी ओळख क्रमांक काढला नसेल तर तोही काढून घ्या.

सातबाऱ्यावर तुमचंही नाव असेल आणि तुम्ही प्राप्तिकर भरत असाल, तर स्वतःचा अर्ज करू नका. घेतलेले पैसे परत करावे लागतात.